नापास वळण

काठी गावाकडे चढणाऱ्या घाटात, वरून दुसऱ्या वळणावर, गायत्री वसावे गुडघे टेकून कोऱ्या करकरीत रस्त्यावर पाणी ओतत होती. तिच्या मते त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. जीपच्या सावलीत बसलेल्या नवनीत ड्रायव्हरचं मत वेगळं होतं.

"मॅडम, लोक झाडाला पाणी घालतात, तुम्ही डांबराला घालताय. काही उगवलं तर सांगा."

"गाड्या अडवायचे शंकू दोन्ही बाजूंना लावलेत ना तुम्ही?"

"लावले की," नवनीत म्हणाला, आणि जरा थांबून पुढे, "...खालच्या बाजूला."

नेमकी तेव्हाच वरच्या बाजूने मोटरसायकल आली. चालवणाऱ्याला रस्त्यात बसलेली मुलगी दिसली, त्याने ब्रेक दाबला, आणि गाडी एकीकडे नि तो दुसरीकडे गेला. गाडी कठड्याला टेकून थांबली. हा मात्र बसल्या बसल्या, सरळ रेषेत, अगदी शिस्तीत घसरत आला आणि गायत्रीच्या यंत्रापासून हातभर अंतरावर थबकला. हेल्मेटच्या काचेतून दोन डोळे तिच्याकडे रागाने बघत होते. डोळे फार देखणे होते, हे तिच्या लगेच लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"रस्त्यावर पाणी कोण ओततं?" त्याने बसूनच विचारलं.

"पाऊस," गायत्री म्हणाली.

त्याने हेल्मेट काढलं. मग कोपर चाचपत म्हणाला, "फाल्गुनात?"

"आधी उठा तरी. लागलंय का?"

"काही नाही लागलं. हा रस्ता जिल्ह्यात एक नंबर आहे, माहितीये का? अजून उद्घाटन व्हायचंय याचं."

"झालं की आत्ता. बसून केलंत तुम्ही."

नवनीत जीपमागे तोंड लपवून हसला. त्या तरुणाने आता पहिल्यांदाच नीट पाहिलं... तीन पायांच्या तिकाटण्यावर टांगलेला लंबक, त्याच्या टोकाला बुटाच्या टाचेसारखं रबर, पलीकडे आकडे दाखवणारा काटा. मग जीपच्या दारावरची पाटी वाचली. नंदुरबारची रस्ते तपासणी प्रयोगशाळा. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"तुम्ही... टेस्टिंगच्या मॅडम?"

"गायत्री वसावे. आणि तुम्ही?"

"मी—" तो अडखळला. "हा रस्ता मी केलाय. म्हणजे ठेकेदाराचा साइट इंजिनिअर. हेमकांत पाटील."

गायत्रीने हसू दाबलं. ज्याने रस्ता केला त्यालाच त्या रस्त्याने आपटावं, हे तिने नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं होतं. उरलेलं पाणी तिने त्याच्या खरचटलेल्या कोपरावर ओतलं. तो चुळबुळला, पण हात मागे घेतला नाही.

"एक विनंती होती," तो हळूच म्हणाला. "माझी माणसं खाली कॅम्पवर आहेत. त्यांना सांगेन की शेळी आडवी आली."

"कुठल्या रंगाची?"

"...काळी."

"बरं. विचारलं तर मीही काळीच सांगेन."

ठेकेदाराच्या माणसासमोर घेतल्याशिवाय आकडा धरत नाहीत, असा नियम, आणि ठेकेदाराचा माणूस तर कोपर सोलून बसला होता. म्हणून वळणाची तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली. नियम आहे म्हणून आपल्याला बरं वाटलं, असं गायत्रीने परतीच्या वाटेवर स्वतःला दोनदा समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी रस्त्याची ताकद मोजायची होती. खडी भरलेला ट्रक सावकाश पुढे घ्यायचा, मागच्या जोडचाकांच्या फटीत लांब दांडा सरकवायचा, आणि चाकं पुढे गेल्यावर दबलेला रस्ता किती वर उठतो ते दांड्याच्या काट्यावर वाचायचं. जो रस्ता कमी दबतो तो भक्कम. हेमकांत दर थांब्याला तिच्या शेजारी उकिडवा बसायचा आणि काट्याकडे असा बघायचा, जणू शाळेच्या दारात निकाल लागतोय.

काटा जेमतेम हलत होता.

"किती?" तो विचारायचा.

"सांगते ना. श्वास घ्या तुम्ही."

चौथ्या थांब्यावर तिलाच राहवलं नाही. "पाटील साहेब, खरं सांगू? एवढा कमी दबणारा रस्ता मी या डोंगरात पाहिला नाही. खाली काय घातलंत?"

मग काय विचारता. हेमकांतने मुरूम कुठून आणला, तो थर पाणी मारून किती वेळा दाबला, ओढ्याच्या जागी ठेकेदाराचं डोकं खाऊन मोरी कशी घालून घेतली, हे सगळं हातवारे करून सांगितलं. बोलता बोलता त्याची शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली. "मी सांगं त्यास्ले, आठे पाणी ऱ्हायनं ते रस्ता जाई! तवय कोठे ऐकं." एकदम भानावर येऊन त्याने जीभ चावली. "माफ करा. तापीकाठचा आहे मी. जोरात आलो की घरची बोली येते."

"येऊ द्या की," गायत्री म्हणाली. "चांगली वाटते."

तो इतका लाजला, की पुढच्या थांब्यावर दांडा उलटाच धरून उभा राहिला.

तिनेही मग सांगितलं. हा घाट तिच्या घरचा. काठीच्या अलीकडच्या डोंगरावर तिचा पाडा. लहानपणी आश्रमशाळेत जायला याच उतारावरून चालत खाली यायचं. तिची आई रमिलाबाई एकदा तापाने फणफणली, तेव्हा बांबूला झोळी बांधून माणसांनी तिला याच वाटेने अक्कलकुव्याला नेलं होतं. आई वाचली, पण झोळीमागून धावताना वाट किती लांब असते ते गायत्रीला तेव्हा कळलं. "म्हणून रस्तेच शिकले," ती म्हणाली. सांगताना तिची मान ताठ झाली होती. हेमकांत तिच्याकडे बघत राहिला, आणि ते तिला आवडलं.

दुपारी ते वळणावर आले.

गायत्रीने रस्ता ओला केला, लंबक सोडला. रबर रस्त्यावरून सर्रकन गेलं आणि लंबक पलीकडे उंच उडाला. पकड असलेल्या रस्त्यावर तो असा उडत नाही, अडतो. तिने पुन्हा सोडला. पुन्हा तेच. जागा बदलली, रबर बदललं, पुसून पाहिलं. अशा वळणावर निदान पंचावन्न हवे होते. काटा चाळिसाच्या खाली थांबत होता.

"वळण नापास आहे," ती म्हणाली.

"असं कसं? खालचा थर तोच, खडी तीच..."

"बळ आहे हो. पण वर डांबर जास्त झालंय. खडी बुडाली त्यात. बघा ना, कसं चकाकतंय."

हेमकांतने बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, त्यालाच माहीत होतं. "या वळणाला मीच एक हात जास्त मारायला लावला," तो पुटपुटला. "होळीला वडील येणार आहेत, रस्ता बघायला. आमच्याकडे शेती सोडून नोकरी केलेला मी पहिला. इथूनच खालचा सगळा घाट दिसतो. म्हटलं, इथे उतरवेन त्यांना... आरशासारखा दिसला पाहिजे."

गायत्रीला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. तेवढ्यात तो पुढे बोलला, आणि ते बोलायला नको होतं.

"मॅडम, होळी आठवड्यावर आलीये. त्यानंतर लिहाल का? फाल्गुनात कुठला पाऊस येतो? होळी झाली की मी स्वतः दुरुस्त करतो."

"होळी पेटते कधी, पाटील साहेब?"

"काठीची? पहाटे."

"आणि पेटली की रात्रभर नाचलेले लोक, टपापर्यंत भरलेल्या जीपा, सगळे एकदम याच उतारावरून खाली निघतात. पहाटे या डोंगरात दव पडतं. रस्ता असा ओला असतो, मी पाण्याने करते तसा." तिने ओल्या डांबरावर तळहात ठेवला. "तुम्ही एकटे होतात, बसून घसरलात. त्यांच्या मांडीवर पोरं असतात."

"पण तुम्ही नापास लिहिलंत तर वळण बंद होईल. होळीला गाड्याच वर येणार नाहीत. तुमच्याच लोकांचा रस्ता आहे हा."

"म्हणूनच तर लिहिते," गायत्री म्हणाली.

तो मोटरसायकल घेऊन निघून गेला. या वेळी हळू गेला, आणि मागे वळून पाहिलं नाही. तिने लंबक पेटीत ठेवला. डोळ्यांत पाणी आलं ते नवनीतला दिसू नये म्हणून पेटीचं झाकण बराच वेळ लावत बसली.

वळण वाहनांना बंद झाल्याची बातमी तिच्याआधी पाड्यावर पोचली होती. तिचा बाप जालमसिंग अंगणात जमिनीवर बसून कमरेला बांधायचे भोपळे पुसत होता. होळीत अंगाला राख फासून बावा होऊन नाचायचं म्हणून त्याने पाळणीचं व्रत घेतलं होतं. पाळणीच्या दिवसांत अनवाणी राहायचं, खाटेवर बसायचं नाही, आपलं आपण रांधून खायचं. त्यांच्या घरात आणखी एक रीत होती, पाळणीत कुणावर रागवायचं नाही. एरवी जालमसिंग दोन शब्द बोलून मोकळा झाला असता. सगळ्या बाजाराला त्याने सांगून ठेवलं होतं, यंदा होळीला गाड्या थेट काठीपर्यंत येतील, माझी पोरगी रस्ता पास करणार आहे. आता तो नुसता भोपळे पुसत राहिला.

"बाबा, बोला ना काहीतरी."

"पाळणी आहे," तो एवढंच म्हणाला.

रमिलाबाईने लेकीला भाकर वाढली. गायत्रीने चतकोर खाल्ली. आपला आकडा बरोबर आहे, याबद्दल तिला तसूभर शंका नव्हती, आणि त्याचा तिला अभिमानही होता. पण बापाचा शब्द पडला, पाड्याची होळी अडली, आणि तो माणूस मागे वळून न बघता गेला, हे तिन्ही खरंच होतं. त्यातलं तिसरं इतकं का सलावं? दोन दिवसांची तर ओळख. तिने स्वतःला पुष्कळ दटावलं. काही उपयोग झाला नाही.

सकाळी खालून रोलरचा आवाज आला.

गायत्री केस न विंचरताच धावली. वळणावर हेमकांत उभा होता, डांबराने काळा झालेला, हातात फावडं. त्याच्या माणसांनी बारीक खडी तापवून आणली होती. ती गरम खडी वळणावर पसरायची आणि वरून रोलर फिरवायचा, म्हणजे जास्तीच्या डांबरात ती रुतून बसते आणि रस्त्याला पुन्हा दात येतात. ठेकेदाराने होळीनंतर बघू म्हटलं होतं. हेमकांतने त्याला पहाटे घरी जाऊन उठवलं होतं.

"मॅडम," तो तिला बघून म्हणाला. "काल मी जे मागितलं, ते मागायला नको होतं. चुकलं माझं."

"हो, चुकलं," गायत्री म्हणाली. आणि मग अगदी हळू, "...परत आलात, ते नाही चुकलं."

तो हसला. घामाने आणि काजळीने माखलेलं तोंड, त्यात पांढरे दात. गायत्रीला पदर नव्हता, ओढणी होती. तिने ती पुढे केली. त्याने तोंड पुसलं आणि काळी झालेली ओढणी परत द्यायला लाजला.

"राहू द्या," ती म्हणाली. "धुवून आणा."

सुटी खडी झाडायला माणसं कमी होती. थोड्या वेळाने चढावरून माणसं उतरताना दिसली, हातात खराटे. पुढे अनवाणी जालमसिंग होता. तो लेकीजवळ थांबला.

"काल बोललो असतो तर रागाचं बोललो असतो," तो घरच्या बोलीत म्हणाला. "रात्री विचार केला. पास लिहायला कुणी पण लिहील. स्वतःच्या गावचा रस्ता बंद करायला छाती लागते. माझी पोरगी आहे ती."

एवढं बोलून त्याने खराटा चालवायला घेतला. गायत्रीने तोंड फिरवलं, कारण हेमकांत बघत होता. मग वाटलं, बघू दे.

रस्ता निवून घट्ट झाल्यावर तिने पुन्हा पेटी उघडली. पाडा जमला होता, मजूर जमले होते. नवनीतने या वेळी शंकू दोन्हीकडे लावले. हेमकांत तिच्या शेजारी गुडघे टेकून बसला, आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "कमी आला तर कमीच सांगा."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो मनापासून म्हणत होता. त्या क्षणी, पाण्याचा डबा हातात धरून, गायत्री वसावेला कळून चुकलं की आपण या माणसावर प्रेम करतोय. कळल्यावर तिने आधी काम केलं. पाणी ओतलं, लंबक सोडला.

रबर करकरलं. लंबक अर्ध्यात अडल्यासारखा झाला आणि काटा थांबला. तिने पुन्हा सोडला, पुन्हा, आणि पुन्हा जागा बदलून.

"बासष्ट," ती मोठ्याने म्हणाली.

पाड्याला आकडा कळला नाही, पण तिचा आवाज कळला. कुणीतरी ढोलावर थाप मारली. हेमकांत तिथेच गुडघ्यांवर बसून राहिला, दोन्ही तळहात रस्त्यावर टेकवून.

होळीच्या दुपारी घाट माणसांनी फुलला. जीपा, ट्रॅक्टर, मोटरसायकली, मोरपिसांचे टोप सांभाळत बसलेली पोरं, सगळं वळणावरून सुरळीत वर चढत होतं. प्रत्येक गाडी वळली की कठड्याशी उभे असलेले हेमकांत आणि गायत्री एकमेकांकडे बघायचे आणि काहीच न बोलता पुढच्या गाडीची वाट बघायचे. पहाटे उतरताना पुन्हा इथेच उभं राहायचं, हेही न बोलताच ठरलं होतं.

एक पांढरी जीप थांबली. तिच्यातून टोपी घातलेले, तापीकाठच्या उन्हाने रापलेले रूपचंद पाटील उतरले. त्यांनी मुलाला पाहिलं, मग रस्त्याला. वाकून हात फिरवला.

"का रे हेमकांत, हाऊ ते खरबरीत शे. चमकत नही."

"नही चमकत, दादा. पहिले चमकत व्हता," हेमकांत म्हणाला. "मीच तुम्हले दखाडाले तसा करेल व्हता. या मॅडमनी नापास करा."

"तुन्हा रस्ता? नापास?"

"हा. मंग मी परत करा."

रूपचंदांनी गायत्रीकडे पाहिलं, मग पुन्हा मुलाकडे. "पोरनी तुले नापास करं, आनि तू असा हासी ऱ्हायना?"

आजूबाजूला पाड्यातली माणसं होती, मजूर होते, जीपमधली अनोळखी तोंडंही कान देऊन होती. त्याने आवाज खाली केला नाही.

"हासू नही ते काय करू, दादा? तिन्हा सारखी कोनी नही शे. माले हाईच पाहिजे."

तोवर जालमसिंग पाड्यावरून उतरून आला होता. अंगावर राखेचे पट्टे, कमरेला भोपळे, टोपात मोरपिसं. अक्कलकुव्याच्या बाजारात जन्म गेलेल्या माणसाला त्यातला शब्द न् शब्द समजला होता. तरी तो भोळा चेहरा करून लेकीकडे वळला.

"काय म्हणतो गं हा खालचा पोरगा?"

गायत्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण ती खाली बघणारी मुलगी नव्हती. "म्हणतो, माझ्यासारखी कुणी नाही. म्हणतो, त्याला मीच पाहिजे."

"हं. हे तर मलाही माहीत होतं, तुझ्यासारखी कुणी नाही ते." जालमसिंगने भोपळे सावरले. "आणि तू काय म्हणतेस?"

ढोल वाजत होते. एक जीप हॉर्न देत वळण घेऊन गेली. हेमकांत तिच्याकडे बघत उभा होता, त्या दिवशी काट्याकडे बघत होता तसाच, श्वास रोखून.

नंदुरबारच्या होस्टेलात वर्षं काढलेल्या मुलीला त्याची बोली काय परकी? तिने दोन्ही बापांच्या देखत त्याचा काळवंडलेला, खडीने फोड आलेला हात हातात घेतला.

"माले बी," गायत्री म्हणाली, "तूच पाहिजे."

रूपचंद पाटलांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी पुन्हा नीट घातली. मग ते जालमसिंगजवळ गेले आणि त्याच्या शेजारी, त्याच्यासारखेच अनवाणी, चपला हातात घेऊन काठीकडे चालू लागले.